शब्दाला जागणारा देव : उपकारस्तुतीची दोन हिब्रू स्तोत्रं वाचताना



आपल्याकडं सभेत आभारप्रदर्शनाची जागा ठरलेली असते. अगदी शेवटी. निवेदक "आता आभार…" म्हणाला रे म्हणाला, की मागच्या रांगेतली माणसं चपला शोधायला लागतात. (हशा) ज्यांनी सतरंज्या घातल्या, माईक लावला, चहा केला, त्यांची नावं चपलांच्या आवाजात वाचली जातात. आज मी ज्या दोन कवितांवर बोलणार आहे, त्यांत आभार पहिल्याच शब्दात येतात. त्यानंतर कवितेत दुसरं काही काम उरतच नाही. आभारच मानत राहायचे असतात.

या दोन कविता म्हणजे हिब्रू धर्मग्रंथातली १३६ वं आणि १०७ वं अशी दोन स्तोत्रं. यहुदी लोक या ग्रंथाला तनाख म्हणतात, ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात. त्यात दीडशे स्तोत्रांचा एक संग्रह आहे. मराठीत त्याचं नाव स्तोत्रसंहिता.

शिराळ्यात हा विषय कशाला, असं मला येताना एकानं विचारलं. प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं, की एका वाक्यानं मला या स्तोत्रांकडं पाठवलं आणि ते वाक्य मी तुमच्याच मुलखात ऐकलं. ऑगस्ट २०१९. वारणा, कृष्णा पात्रात मावत नव्हत्या. ब्रह्मनाळला माणसं घेऊन निघालेली नाव उलटली, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या एका गावात एक गृहस्थ म्हणाले, "देवाची दया, आमचं घर वाचलं." वाक्य खरं होतं, मनापासून होतं. पण शेजारी ज्याचं घर पडलं होतं तो माणूस उभा होता. तो काही बोलला नाही. त्यानं खाली बघितलं.

मग प्रश्न पडतो. आपण वाचलो तर देवाचे आभार मानू नयेत का? मानावेत, तर कसे, की शेजाऱ्याला मान खाली घालावी लागू नये? हा प्रश्न घेऊन मी ही स्तोत्रं वाचली.

आधी १३६ वं स्तोत्र काय आहे ते सांगतो. त्यात २६ कडवी आहेत. प्रत्येक कडव्याचा पहिला अर्धा भाग देवानं काय केलं ते सांगतो आणि दुसरा अर्धा भाग सगळीकडं तोच. सव्वीस वेळा. देवाचा 'हेसेद' कायमचा आहे, असा त्याचा आशय. आपल्या भजनात बुवा चरण म्हणतात आणि टाळकरी ध्रुपद उचलतात, तसंच हे. एकानं सांगायचं आणि सगळ्यांनी दुजोरा द्यायचा.

क्रम बघा. सुरुवातीला सृष्टी : आकाश, पाण्यावर पसरलेली जमीन, सूर्य, चंद्र, तारे. मग इजिप्तच्या गुलामीतून सुटका, दुभंगलेला समुद्र, अरण्यातली वाट. मग मारलेले राजे आणि मिळालेली जमीन. 'आम्ही' हा शब्द, म्हणजे आमची आठवण ठेवली, आम्हांला सोडवलं, हे कधी येतं? तेविसाव्या कडव्यात. बावीस कडवी ही माणसं 'आम्ही' म्हणत नाहीत. आपण आभार मानतो तेव्हा 'मी'पासून सुरुवात करतो. माझा मुलगा पास झाला, माझं ऑपरेशन नीट झालं. इथं आधी चंद्र-सूर्य होतात, आणि मग आम्ही.

आता शब्दांकडं येऊ. या स्तोत्रात दोन शब्दांवर सगळा भार आहे. एक आभार मानण्याचा, दुसरा ज्याबद्दल मानायचे त्याचा.

पहिला शब्द 'होदा'. आपल्या प्रचलित मराठी बायबलात त्यासाठी 'उपकारस्तुती' आणि 'उपकारस्मरण' असे शब्द भेटतात. हिब्रूत या धातूचे दोन अर्थ आहेत : आभार मानणं आणि कबूल करणं. पापाची कबुली द्यायलाही तोच धातू चालतो. म्हणजे हिब्रू माणूस "थँक्यू" म्हणत नाही. तो चारचौघांत उभा राहून कबूल करतो की हे माझ्या जोरावर झालेलं नाही. याच धातूवरून 'यहूदा' हे नाव उत्पत्तीच्या पुस्तकात समजावलं आहे. लेआला चौथा मुलगा झाला तेव्हा तिनं आभाराच्या भावनेनं ते नाव ठेवलं. 'यहुदी' हा शब्द त्या नावातून आला. एका अख्ख्या समाजाच्या नावात आभार आणि कबुली एकत्र बसलेत. गंमत म्हणजे हाच यहूदा पुढं तामारेच्या गोष्टीत सगळ्यांसमोर मान्य करतो की ती बरोबर होती, चूक माझी. नाव दोन्ही अर्थांनी सार्थ झालं.

आता 'उपकार' हा मराठी शब्द कानाला लावून बघा. उपकाराखाली माणूस दबतो. उपकार फेडायचे असतात. सासूनं सुनेला "मोठे उपकार केलेस" म्हटलं तर ते आभार नसतात. (हशा) आपल्याकडं घरात कुणी आभार मानत नाही, ते यामुळंच. आईला "आभारी आहे" म्हटलं तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. जिथं देण्या-घेण्याचा हिशेब नाही तिथं आपण हा शब्द आणत नाही. म्हणून 'उपकारस्तुती' म्हटलं की एक धनको आणि एक ऋणको उभे राहतात. त्या मानानं 'उपकारस्मरण' मला बरा वाटतो. त्यात निदान आठवण आहे, आणि स्तोत्र सगळं आठवणीचंच आहे.

दुसरा शब्द जास्त अवघड. 'हेसेद'. मराठीत 'दया'. दोष फक्त मराठी भाषांतरकारांचा नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक भाषांतरात या शब्दाच्या जागी बहुधा 'इलिओस' आला, म्हणजे दयाच. तिथून तो लॅटिनमध्ये आणि पुढं युरोपभर गेला. इंग्रजीत माइल्स कव्हरडेल यानं १५३५ मध्ये 'लव्हिंग-काइंडनेस' असा जोडशब्द घडवला, कारण एका शब्दात तो मावेना. आपल्याकडं पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ च्या एप्रिलात त्या गेल्या तेव्हा ते काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. खेड्यातल्या बाईला ऐकून कळलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच आग्रहानं मीही विचारतो : खेड्यातल्या बाईला 'दया' म्हटल्यावर काय कळतं?

वरून खाली येणारी गोष्ट कळते. दया येते. दया दाखवतात. कुणाच्या दयेवर जगणं हे आपल्याकडं सुखाचं वर्णन नाही.

हेसेद असा वरून खाली येतोच असं नाही. रूथच्या पुस्तकात बघा. नामी ही म्हातारी, नवरा आणि दोन्ही मुलगे गेलेले. दोन सुना आहेत, दोघी परक्या, मवाबी. ती त्यांना निरोप देताना म्हणते, तुम्ही मेलेल्यांशी आणि माझ्याशी जसा हेसेद केलात, तसाच देव तुमच्याशी करो. इथं क्षणभर थांबू या. देवानं कसं वागावं याचं माप म्हणून ती सुनांचं वागणं पुढं ठेवते! त्या सुना सासूवर दया करत होत्या का? नाही. त्या नात्याला जागत होत्या.

'जागणे' हे आपलं क्रियापद मला या शब्दाच्या सगळ्यांत जवळचं वाटतं. मिठाला जागणे, शब्दाला जागणे. यात वर-खाली नाही. मालकही शब्दाला जागतो, चाकरही जागतो. फक्त एक फरक आहे. आपण मिठाला जागतो तेव्हा आधी मीठ खाल्लेलं असतं. हेसेदमध्ये समोरच्यानं नातं पाळलं नाही तरी आपण पाळायचं असतं. बेंदराच्या आदल्या दिवशी आपल्याकडं बैलाची खांदेमळण करतात. वर्षभर जुवाखाली घासलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळतात. आता ही बैलावर दया आहे का? तसं म्हटलं तर शेतकऱ्याला राग येईल. ते नातं आहे आणि वर्षातून एकदा ते सगळ्या गावासमोर, वाजतगाजत कबूल करायचं असतं. होदा आणि हेसेद हे दोन्ही शब्द कळायला मला बेंदराचा उपयोग झाला, एवढंच सांगतो. तुलना याच्यापुढं ताणत नाही.

इथंवर मी 'दया' या शब्दाच्या विरोधात बोललो. आता दुसरी बाजू. ती बाजू आपल्या तुकोबांची आहे.

तुकोबांनी एका प्रसिद्ध अभंगात दयेची व्याख्या केली आहे, आणि त्यात दोन गोष्टी एकत्र आहेत : जीवांचा सांभाळ आणि दुष्टांचा नाश. आता १३६ वं स्तोत्र परत बघा. त्यात नेमक्या याच दोन गोष्टी आहेत. म्हणजे तुकोबांच्या मराठीतली दया ही आजच्या आपल्या मऊ, पातळ दयेपेक्षा जास्त भरीव होती. भाषांतरकारांनी तो शब्द निवडला तेव्हा तो इतका झिजलेला नसेल. शब्द आपण झिजवला. एवढं मला मान्य करायला हवं.

पण त्यामुळं अडचण संपत नाही, उलट उघडी पडते. स्तोत्रात इजिप्तमधली पहिली अपत्यं मारली गेल्याबद्दल आभार आहेत, आणि ध्रुपद तेच. राजा सीहोन मारला, ओग मारला, ध्रुपद तेच. त्यांची जमीन इस्राएलला दिली, ध्रुपद तेच. गुलाम सुटला तर त्यानं गावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मेलेल्या लेकराच्या बाजूनं ते ध्रुपद कसं ऐकू येत असेल? तो नदीकाठचा शेजारी इथं परत उभा आहे. हे कडवं मी मवाळ करून सांगणार नाही. ज्यांची सुटका झाली त्यांनी ते लिहिलं आणि त्यांना तेव्हा दुसरी बाजू दिसली नाही.

पुढच्या यहुदी पंडितांना मात्र ती दिसली. म्हणून मला ही परंपरा वाचावीशी वाटते. तलमूद या त्यांच्या मोठ्या ग्रंथात एक कथा आहे. इजिप्तचं सैन्य समुद्रात बुडालं तेव्हा देवदूतांना गाणं म्हणायचं होतं. देवानं त्यांना अडवलं. माझ्या हातची लेकरं बुडताहेत आणि तुम्हांला गाणं सुचतं, असा त्या उत्तराचा आशय. त्याच तलमूदात १३६ व्या स्तोत्राला 'मोठा हल्लेल', म्हणजे मोठी स्तुती, म्हटलं आहे. तिला मोठेपण कशामुळं? समुद्र दुभंगला म्हणून? राजे मारले म्हणून? नाही. एका गुरूनं कारण दिलं की देव जगाच्या उंचावर बसून प्रत्येक जिवाला त्याचं अन्न वाटतो म्हणून. म्हणजे पंचविसाव्या कडव्यामुळं. शेवटून दुसरं कडवं. तिथं देव 'सगळ्या देहधाऱ्यांना' अन्न देतो. त्यात इजिप्तचे लोक आले, सीहोनची माणसं आली, गुरंढोरंही आली. चोवीस कडवी चालून कविता तिथं पोचते. पंडितांनी युद्धाची कडवी पुसली नाहीत, पण स्तोत्राचा मानबिंदू उचलून भाकरीवर ठेवला. समीक्षक म्हणून मला हे वाचन फार मोठं वाटतं.

दुसऱ्या एका गुरूनं आणखी एक हिशेब दिलाय. ध्रुपद २६ वेळा का? तर जगाच्या आरंभापासून धर्मशास्त्र मिळेपर्यंत २६ पिढ्या झाल्या. त्यांच्याजवळ शास्त्र नव्हतं, म्हणजे पुण्याचा हिशेबही नव्हता, तरी देवानं त्यांना हेसेदनं जगवलं. आणि खरंच, हे स्तोत्र सृष्टीपासून जमिनीपर्यंत सगळं सांगतं, पण सीनाय पर्वतावर शास्त्र मिळालं ते सांगत नाही. आभार आहेत ते पात्रता नसताना मिळालेल्याचे.

हे हिब्रू आभार मराठीत आजही मानले जातात, आणि तेही फार लांब नाही. रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल समाज शेकडो वर्षं राहिला. मराठी बोलणारे, किहीमकर, पेणकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावं असणारे, तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली'. त्यांची परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. तिथून त्यांचा वंश. १८७४ मध्ये पुण्यात त्यांची वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका सणाच्या बेखमीर भाकरी करताना दिसतात. त्या रात्रीच्या पाठात हा मोठा हल्लेल असतो.

आता १०७ वं स्तोत्र. त्यात वाचलेल्या माणसांचे चार गट आहेत : वाळवंटात वाट चुकलेले, कैदेत पडलेले, आजारी आणि समुद्रात सापडलेले. चौघांनाही सांगितलं आहे की हेसेदबद्दल आभार माना, आणि समुद्रातून वाचलेल्यांना तर लोकांच्या सभेत स्तुती करायला सांगितलं आहे. कैदी आणि आजारी यांच्याबद्दल तर कवी स्पष्ट म्हणतो की त्यांनी ते स्वतःच्या हट्टानं ओढवून घेतलं. तरी त्यांना सोडवलं. बुडत्यांबद्दल असा कुठलाच ठपका नाही. त्यांनाही सोडवलं. म्हणजे संकट आलं ते पापामुळं आणि वाचलो ते पुण्यामुळं, हा आपला आवडता हिशेब या कवितेत बसत नाही. घर वाचलं म्हणजे आपण चांगले आणि पडलं तो वाईट, असं या स्तोत्राला साक्षीला ठेवून म्हणता येणार नाही.

या चारांतल्या दुसऱ्या गटाचा एक मराठी माणूस होता. सामुएल इझिकेल दिवेकर. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. सुटलो तर देवाचं घर बांधीन, असं तो बोलला, असं परंपरा सांगते. सुटला, आणि १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं. बेने इस्राएलांचं मुंबईतलं ते पहिलं. रस्त्याला पुढं सामुएल स्ट्रीट हे नाव मिळालं. आता त्या वास्तूचं नाव बघा : शार हारहमीम. करुणेचं दार. त्यात हेसेद नाही, 'रहमीम' आहे. तो शब्द हिब्रूत 'गर्भाशय' या शब्दाशी सख्खा आहे. म्हणजे मराठीत सांगायचं तर पोटातून येणारी माया. दया, हेसेद, रहमीम, आपल्या भाषांतरात पुष्कळदा सगळं एकाच टोपलीत जातं. कैदेतून आलेल्या माणसानं मात्र शब्द नेमका निवडला. आणि त्यानं जे बांधलं त्याला दार म्हटलं. दारातून दुसऱ्यांनी आत यायचं असतं.

याच समाजात आभाराचा एक घरगुती विधी आहे. मलिदा. लग्न असो, नवीन घर असो, आजारातून उठलेला माणूस असो, नवस पुरा झालेला असो. परातीत भिजवलेले पोहे, गोडी, ओलं खोबरं, वेलदोडा, सुकामेवा, बरोबर फळं. एलिया संदेष्ट्याचं नाव घ्यायचं, प्रार्थना म्हणायची आणि जमलेल्या सगळ्यांनी खायचं. आपल्याकडं नवस फेडताना जेवण घालतात, त्याच्याशी हे किती जुळतं ते तुम्हीच बघा.

पण याचं मूळ हिब्रू ग्रंथातही आहे. लेवीय पुस्तकात आभाराच्या अर्पणाचा, 'तोदा'चा, नियम आहे : ते त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाच्या अर्पणाला दुसरा दिवसही चालतो, आभाराच्या नाही. आणि मिश्ना हा ग्रंथ सांगतो की त्या अर्पणाबरोबर चाळीस भाकरी असायच्या. चार पुरोहिताला, उरल्या छत्तीस. एका घराला एका दिवसात छत्तीस भाकरी संपतील? शक्यच नाही. माणसं बोलवावीच लागतात. नंतरच्या भाष्यकारांनी हेच म्हटलं आहे की मुदत कमी ठेवली ती यासाठी, की वाचलेल्यानं लोकांना बोलवावं, त्यांना वाढावं आणि वाढताना काय घडलं ते सांगावं.

इथं मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, निदान त्याची वाट तरी दिसते. "देवाची दया, आमचं घर वाचलं," हे वाक्य चुकीचं नव्हतं. ते अर्धं होतं. होदा झाला, भाकरी वाढायची राहिली. चोविसावं कडवं म्हटलं, 'आम्हांला सोडवलं', आणि पंचविसाव्याला पोचायच्या आत गाणं थांबलं. त्या पुरात आपल्या जिल्ह्यात असे लोक होते ज्यांनी तोंडानं देवाचं नावही घेतलं नसेल, पण वाचलेल्या घरात पाच-पाच कुटुंबं ठेवून घेतली, वाहून गेलेल्यांच्या गुरांना वैरण दिली. हिब्रू कवीला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, चाळीस भाकरींचा हिशेब यांनी पुरा केला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की भाषांतरात 'दया' राहू द्या हवी तर, तुकोबांनी तिला मान दिलाय. पण वाचताना तिच्यामागं 'जागणं' ऐका. देव आपल्या शब्दाला जागला असं ज्याला वाटतं, त्यानं शेजाऱ्याला जागायचं असतं. नाहीतर सव्वीस वेळा म्हटलेलं ध्रुपद शेजाऱ्याच्या कानात सव्वीस वेळा टोचतं.

माझं संपलं. आता आभारप्रदर्शन आहे. आज जरा बसून ऐका. ज्यांनी सकाळपासून खुर्च्या लावल्यात त्यांची नावं घेतली जाणार आहेत. चपला कुठं जात नाहीत. (हशा, टाळ्या)